दोन्ही बाजूंनी पहिलं पान

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून मागितले आणि पत्राच्या तळाशी लिहिलं, "सोबत आपला चार ओळींचा परिचय व एक फोटो पाठवावा." अनुभव पाठवतो आहे. परिचय आणि फोटो तेवढा मागू नये. उभ्या करवीर राज्यातल्या थोर पुरुषांचे परिचय मी या हातांनी शिवलेत, कापलेत, खळ लावून चिकटवलेत. अशा माणसाला स्वतःचा परिचय लिहायला बसवलं तर त्याला हसू आवरत नाही, आणि हसणाऱ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही असं फोटोग्राफर सांगतात.

मी बुकबाइंडर. आधीच्या महाराजांच्या अमदानीत रविवार वेशीजवळ आमचं दुकान होतं, वडलांच्या वेळचं. दरबारची दप्तरं, व्यापाऱ्यांच्या चोपड्या, शाळांची पुस्तकं, मोहल्ल्यातले कुराणशरीफ, सगळं आमच्याकडं बांधायला यायचं. एका हकीमसाहेबांची औषधांची वही मी एका बाजूनं उर्दू आणि उलटी करून धरली की मोडी, अशी बांधून दिली होती. तिला दोन्हीकडून सुरुवात. हकीमसाहेब खूश झाले, त्यांचा मदतनीस मात्र महिनाभर औषधं चुकवत होता.

आमचं काम समजायला सोपं आहे. छापखान्यातून मोठे छापील कागद येतात. एका कागदाला घड्या घातल्या की काही पानांचा एक फर्मा होतो. फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडून दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं एकमेकांत शिवायचे, कडा कापायच्या, वर पुठ्ठा आणि कातडं चढवायचं. कोणता फर्मा कुणाच्या आधी हे पानांवरचे आकडे सांगतात. वाचकांनी एवढं एक लक्षात ठेवावं, कारण पुढची सगळी थोरवी त्या आकड्यांवर अवलंबून आहे.

छापखानेवाले तात्या हे आमचं मोठं गिऱ्हाईक. लग्नपत्रिका आणि नाटकांच्या जाहिराती छापून कंटाळले तेव्हा त्यांना समाजाचं ऋण फेडायची बुद्धी झाली. 'करवीर पुरुषरत्न दर्पण' नावाचा ग्रंथ काढायचा, त्यात राज्यातल्या थोर, विद्वान, दानशूर आणि नामांकित गृहस्थांची सचित्र चरित्रं घालायची. थोर कोण हे ठरवायची कसोटीही त्यांनी सोपी ठेवली. वर्गणी भरली की माणूस थोर. फोटोसकट भरली की सचित्र थोर. ज्यांना काही कारणानं भरता येणार नाही त्यांची नावं शेवटी बारीक टायपात 'इतर' या मथळ्याखाली येतील, असं तात्या निघताना उंबऱ्यावर उभं राहून फार हळहळून सांगत. मग घरमालक त्यांना परत आत बोलावून चहा पाजत.

चरित्रं लिहायला गोविंदमास्तर होते. शाळाखात्याशी न पटल्यामुळं मोकळे झालेले. त्यांच्याकडं चरित्राचा एकच साचा होता: बाळपणापासून ग्रंथवाचनाची गोडी, स्वभाव करारी परंतु दयाळू, गोरगरिबांचे आश्रयस्थान, व्यायामाची आवड, निर्व्यसनी. गाव, कूळ आणि धंदा तेवढा बदलायचा. फार गडबडीत असले की तोही बदलायचा राहून जाई, आणि एखादा तेलाचा व्यापारी उत्तम शल्यवैद्य ठरे. त्यानं कधी तक्रार केली नाही.

उचगावच्या एका गुळाच्या अडत्याकडं मी मास्तरांबरोबर गेलो होतो, कातड्याचे रंग दाखवायला. अडते सहीच्या वेळी अंगठा पुढं करणारे. मास्तरांनी ग्रंथवाचनाच्या गोडीपासून शेतकऱ्यांच्या पाठीराख्यापर्यंत सगळं चरित्र खड्या आवाजात वाचलं. अडत्यांचे डोळे भरून आले.

"मास्तर, मी असा हाय व्हय? मला आजवर कुणी सांगितलंच न्हाई की!"

तेवढ्यात आतून मालकिणीचा आवाज आला, "अवं, कुनाचं वाचत्यात ते? लई भला मानूस दिसतोय. कवा वारला?"

अडत्यांनी डोळे पुसले आणि वर्गणी भरली. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या अडतीवर वजन चोख होतं असं मला तिथल्या हमालांनी सांगितलं. म्हणजे दर्पणाचा समाजाला अगदीच उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

फोटोंची तऱ्हा निराळी. तात्यांनी ज्या फोटोग्राफरशी ठरवलं होतं त्याच्याकडं एक जरीचा शेला, एक नुसती मूठ उरलेली तलवार आणि एक कोरीव खुर्ची होती. खुर्चीचा उजवा हात मोडलेला. त्यामुळं दर्पणातले सगळे थोर पुरुष एकच शेला पांघरून, एकाच खुर्चीत, उजवा हात एकाच पद्धतीनं मांडीवर ठेवून बसलेले आहेत. पुढं एका वकिलांनी मला मोठ्या आदरानं विचारलं होतं, "दस्तगीर, हा थोरांचा हात ठेवायचा काही रिवाज असतो का रे?" मी असतो म्हणालो.

खरी अडचण पहिल्या पानाची. सुरुवातीला महाराजांची तसबीर, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण तसबिरीनंतर कोण? प्रत्येकाला तिथंच बसायचं होतं. सरदार म्हणाले आम्ही, सावकार म्हणाले आम्ही, आणि नुकतीच घोडागाडी घेतलेले एक निवृत्त मामलेदार म्हणाले की दुसरं पान मिळणार असेल तर आम्ही 'इतर'मध्ये जाऊ, पण जाता जाता तुमचा छापखाना बघून घेऊ. तात्या चार-सहा दिवस जेवले नाहीत. मग एके दिवशी हसत हसत आमच्या दुकानात आले आणि माझ्यासमोर बसून त्यांनी ती युक्ती सांगितली, जिच्याबद्दल त्यांचा स्वतःचा परिचय कुठल्यातरी ग्रंथात पहिल्या पानावर यायला हवा होता.

प्रत्येक चरित्राचा फर्मा वेगळा छापायचा. पानांवर आकडे घालायचेच नाहीत. अनुक्रमणिकाही नाही. ज्याची प्रत, त्याचा फर्मा महाराजांच्या तसबिरीनंतर लगेच लावून बांधायची. बाकीचे त्याच्यामागं, कसेही. प्रस्तावनेत मास्तरांनी लिहिलं की थोरांना आकडे घालणे हा थोरवीचा अपमान होय, सबब या ग्रंथात पृष्ठांक नाहीत. शिवाय, हा ग्रंथ देवघरात ठेवावा, परक्याच्या हाती देऊ नये, पाने मळतात. अशा रीतीनं मी एका ग्रंथाच्या जितक्या प्रती बांधल्या तितके ग्रंथ बांधले. एका फर्म्याची जागा चुकली असती तर सगळं बिंग फुटलं असतं. चुकली नाही. अब्बा म्हणायचे, आपल्या कामात चूक दिसत नाही तोवर आपणही दिसत नाही. त्या कामाचा मला अभिमान वाटायचा. आज सांगताना थोडं हसू येतं, पण वाटायचा.

ही लबाडी टिकली कशी, असं वाचक विचारतील. सोपं आहे. वर्षभरात एकाही थोर पुरुषानं आपल्या पानापलीकडचं पान उलटलं नाही. पाहुण्यांना दाखवतानाही ग्रंथ तसबिरीपाशी उघडायचा, एक पान पुढं करायचं आणि मिटवून लाल फडक्यात गुंडाळायचा. प्रती दुरुस्तीला यायच्या तेव्हा मी पाहायचो. पहिल्या फर्म्यावर तेलाचे, तुपाचे, हळदीकुंकवाचे डाग आणि पुढचे सगळे कोरे करकरीत.

तात्यांची एकच काळजी होती, दोन प्रती कधी एका घरात यायला नकोत. आणि कोल्हापुरात दोन प्रती एका घरात यायचं एकच कारण असतं, ते म्हणजे लग्न.

शिरोळकडचे आप्पासाहेब इनामदार आणि कोल्हापुरातले बळवंतराव ठेकेदार, दोघंही दर्पणातली रत्नं. इनामदारांची सनद पेटीत होती आणि जमीन बरीचशी कृष्णेच्या पोटात. बळवंतरावांनी संस्थानात पूल बांधले होते, त्यांतले पुष्कळसे उभे होते. इनामदारांच्या तिसऱ्या मुलासाठी बळवंतरावांची हौसा पसंत पडली. मुलगा शिकलेला, सरळ स्वभावाचा. हौसाला आई नव्हती. बळवंतरावांची थोरली विधवा बहीण बायाक्का माहेरीच असायची, तिनंच हौसाला आणि तिच्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. इनामदारांच्या घराची एकच गोष्ट बायाक्काला खुपत होती. त्या घरात सून एकदा आत गेली की बाहेर काढणं मुश्कील. माहेरहून न्यायला आलेला मुराळी पाणी पिऊन रिकामा परत जायचा. थोरल्या दोन सुनांचे भाऊ असे परत गेलेले सगळ्यांना ठाऊक होते. पण बाकी घर चांगलं म्हणून होकार दिला गेला.

सुपारी फुटायच्या दिवशी दुपारी माझ्या दुकानापुढं बळवंतरावांचा टांगा येऊन उभा राहिला. "असाल तसं चला." मी तसाच निघालो, पिशवीही खांद्याला होती. टांगेवाल्यानं वाटेत सांगितलं ते असं.

भटजींनी पहिला मानाचा विडा मुलाचे वडील म्हणून इनामदारांपुढं धरला. तो मुकाट घेतला असता तर मला आज लिहायला काही उरलं नसतं. पण आप्पासाहेब म्हणाले, "भटजी, मुलाचा बाप म्हनून देऊ नका. राज्यातला पयला गृहस्थ म्हनून द्या. छापलंय तसं." आणि गाडीतून आणलेलं लाल फडकं त्यांनी सोडलं. बळवंतराव आधी हसले. म्हणाले, "पावणं, मुलाचा बाप म्हनून पन्नास विडे घ्या. पयला गृहस्थ म्हनून न्हाय. त्यो मी हाय." आणि त्यांनी देवघरातून आपलं लाल फडकं मागवलं.

दोन्ही ग्रंथ एका पाटावर शेजारी शेजारी उघडले गेले. एका गावात दोन पाटील निघावेत तशी गत झाली. दोघांनीही एकमेकांच्या प्रतीला खोटी म्हटलं, मग एकमेकांच्या घराण्याला म्हटलं, आणि इनामदार पागोटं घालून उठले. कुणीतरी मध्ये पडून सांगितलं की छापखानेवाल्यालाच विचारा. माणूस धावला तर छापखान्याला कुलूप. तात्यांना कुठून वारा लागला होता कोण जाणे, ते नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. संकट आलं की त्यांची भक्ती अशी उफाळून यायची. मग कुणीतरी म्हणालं, बांधणारा तर हाय गावात.

मी बळवंतरावांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, पाय ठेवला. दोन्ही बाप दोन खांबांपाशी उभे. मुलगा तिसऱ्या खांबापाशी. तो हळूच म्हणाला, "आप्पा, ऱ्हाऊ दे की आता," आणि आप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो खांबाच्या मागं सरकला. आतल्या दारातून हौसा दिसत होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पाटावर मान खाली घालून बसलेली. बायाक्का तिच्या मागं उभी, एक हात पोरीच्या पाठीवर.

"दस्तगीर," आप्पासाहेब म्हणाले, "ह्यो गिरंथ तूच बांधलास न्हवं?"

"व्हय, साहेब."

"आनि ह्यो?" बळवंतरावांनी विचारलं.

"त्योबी मीच."

"मग ह्यातला खरा कंचा आनि खोटा कंचा? तुझ्या अल्लाला स्मरून सांग. खोटा निघंल त्येच्या घरात माझं पोरगं न्हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"आनि खोटा निघंल त्येच्या घरात माझी पोरगी न्हाय," बळवंतराव म्हणाले.

म्हणजे मी कोणतंही उत्तर दिलं असतं तरी लग्न मोडणार होतं. सुपारीच्या दिवशी मोडलेल्या सोयरिकीचं पुढं काय होतं ते सांगायला नको. मोहल्ला असो की पेठ, लोक विचारतात, पोरीत काय खोट होती? बाप दोन दिवस मिशीला पीळ देत फिरतो आणि मुलगी जन्मभर खाली मान घालून बसते. माझ्या डोळ्यांपुढं तात्यांचा छापखाना नव्हता, माझी मजुरीही नव्हती, त्या दारातलं ते हिरवं लुगडं होतं. दोन्ही पुस्तकं मी हातात घेतली. माझीच शिवण, माझंच कातडं. आणि का कोण जाणे, मला हकीमसाहेबांची वही आठवली.

"साहेब, दोन्ही खरे," मी म्हणालो. "पण दोन्ही अर्धे."

"म्हंजी?"

"ही सोयरिकीची प्रत. दोन घरी दोन अर्धे देत्यात, आनि सुपारी फुटायच्या दिवशी बाइंडरला बोलावून एकात एक शिवत्यात. त्यासाठीच तर मला बोलावलंत, न्हवं का?"

आता, वर्षापूर्वी घरी आलेल्या पुस्तकाला ही सोयरीक कशी ठाऊक, असं कुणाही शहाण्यानं विचारलं असतं. सोप्यात वकील होते, एक मामलेदार होते, संस्कृत जाणणारे भटजी होते. कुणी विचारलं नाही. आपण राज्यातले पहिले गृहस्थ आहोत हे ज्याला एकदा पटलं, त्याला पुढचं सगळं पटवणं सोपं असतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "मला तात्या बोलल्याचं आठवतंय खरं," बळवंतराव पुटपुटले. "मलाबी," आप्पासाहेब म्हणाले. तात्या वाडीला घाट उतरत असतील, त्यांना या आठवणीची कल्पनाही नव्हती.

पिशवीत दाभण, सुई आणि मेण लावलेला दोरा होता. मी सोप्यातच बसलो. बायाक्कानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे उतरवले. एकाचे फर्मे सरळ ठेवले, दुसऱ्याचे उलटे करून त्यांच्या मागं लावले आणि सगळे एका दोऱ्यात शिवायला घेतले. दोन्ही बाप माझ्या दोन बाजूंना मांडी घालून बसले, आपलं पान कापलं जातंय का ते बघायला. आत पोळ्या गार होत होत्या. एक मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी मागच्या परड्यात नेलं. शिवून झालं तेव्हा मी एक पुठ्ठा एकीकडून आणि दुसरा दुसरीकडून चढवला. सरळ धरला की महाराजांची तसबीर आणि मागोमाग इनामदार. उलटा करून धरला की पुन्हा महाराजांची तसबीर आणि मागोमाग ठेकेदार.

आप्पासाहेबांनी ग्रंथ हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "वरची बाजू कंची म्हनायची?"

"ज्याच्या हातात असंल त्याची वरची."

हे त्यांना आवडलं. बळवंतरावांनाही आवडलं. भटजी हुशार, त्यांनी ग्रंथ पाटावर उभा ठेवला आणि दोन्ही हातांनी दोघांना एकदम दोन विडे दिले. सुपारी फुटली. मी दोरा कापून सुई पिशवीत घातली आणि उठणार, इतक्यात नवीनच भांडण निघालं. ग्रंथ आता एक, घरं दोन. तो राहणार कुणाकडं?

"मुलाकडच्यांकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"माझा अर्धा तुमच्या देवघरात कशापायी? सहा म्हयने तुमच्याकडं, सहा म्हयने माझ्याकडं. गडी घिऊन जाईल."

"गड्याच्या हातात देतो व्हय मी? हरवला म्हंजी?"

तेव्हा आतल्या दारातून बायाक्का बोलली. इतका वेळ तिनं तोंड उघडलं नव्हतं. "बळवंतराव, आप्पासाब, भांडू नगा. गिरंथ पोरीच्या वटीत घाला. ती सासरी असंल तवा सासरी ऱ्हाईल, म्हायेरी आली की म्हायेरी. ज्येला बघायचा असंल त्येनं तिला बोलवावं. थोरांचा गिरंथ हाय, घरच्या लेकीसुनंच्याच हातनं जायला पायजे."

दोघांचीही छाती फुगली. गड्यामाणसाच्या हातनं नाही, लेकीसुनेच्या हातनं. याहून मोठा मान तो कोणता? तिथल्या तिथं ठरलं. लग्नात खणा-नारळाबरोबर तो जाड लाल ग्रंथ हौसाच्या ओटीत घातला गेला आणि ती त्याच्या वजनानं थोडी वाकली. मला त्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्या बाईनं भांडण टाळलं. तेवढंच वाटलं.

पुढचं मला कळत गेलं ते ग्रंथ दुरुस्तीला येऊ लागला तेव्हा. बळवंतरावांकडं नवा इंजिनियर जेवायला यायचा असला की शिरोळला निरोप जायचा: ग्रंथ पाठवावा. दिवाणखान्यातले कारकून येणार, ग्रंथ पाठवावा. नव्या पुलाचं टेंडर, ग्रंथ पाठवावा. आप्पासाहेबांना सून पाठवायची नसली तरी ग्रंथ पाठवणं भाग होतं, नाहीतर उद्या आपल्याला पाहिजे तेव्हा कोण देणार? आणि ग्रंथ पाठवायचा तर सून पाठवणं भाग. मग चार दिवसांनी त्यांच्याकडं कुणी पाव्हणा आला की तेच गाडी जुंपून सुनेला आणायला पाठवायचे. पंचमी, गौरी, दसरा, दिवाळी, आणि मधले सगळे इंजिनियर. त्या घरातल्या दुसऱ्या जावा वर्षानुवर्षं वाट बघत बसल्या आणि हौसा सणाला माहेरी होती. सासऱ्यानं स्वतः गाडीत बसवून दिलेली.

माझी धाकटी बहीण मिरजेला दिली होती. ईदेला तिला आणायचं म्हटलं तरी अब्बांना तीन तीनदा जाऊन सासऱ्याच्या पायऱ्यांवर बसावं लागे. अब्बा कुणी थोर नव्हते आणि तिचा सासराही नव्हता. त्यांच्यात पहिल्या पानाचं भांडण कधी झालं नाही. याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

तात्या वाडीहून परत आले ते प्रसाद घेऊन. मी काय केलं ते ऐकून आधी कपाळाला हात लावला आणि मग पंधरा दिवसांत 'सोयरीक प्रत, खास बांधणी' अशी जाहिरात छापली. तीही खपली. पुढं दर्पणाचा दुसरा भाग निघाला, मग तिसरा, आणि रत्नांचा साठा संपल्यावर तात्या शेजारच्या संस्थानांत नवी रत्नं शोधायला निघून गेले. महाराज गेले, राज्य बदललं. त्या थोर पुरुषांपैकी आज कुणाचं नाव कुणाला आठवत नाही. रद्दीवाल्यांकडं दर्पणाच्या प्रती येतात तेव्हा ते कातडं सोलून घेतात आणि पानांत शेंगदाणे बांधतात. पहिलं पान जरा तेलकट असतं म्हणून ते बाजूला टाकतात.

इतकी पुस्तकं बांधली, पण ज्याच्याबद्दल मला समाधान आहे असं एकच.

दुकान मुलाकडं सोपवायच्या थोडं आधी हौसाबाई आल्या. सोबत मोलकरीण, हातात ते लाल फडकं. केस पिकले होते. आप्पासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, बळवंतरावही गेले होते, बायाक्काही. ग्रंथाची पाठ उसवली होती, मधले फर्मे लोंबत होते. मी उलटून पाहिलं. दोन्हीकडच्या पहिल्या पानांवर बोटांचे डाग. मधली सगळी पानं नवी.

"तुम्ही वाचलंत का कधी यातलं?"

"काय हाय त्यात वाचन्यासारखं?" त्या हसल्या. "माझ्या आबांच्या पानावर 'कन्या एक' म्हनून लिवलंय. तेवढं बघितलंय."

मी दोरा सोडवता सोडवता सहज म्हणालो, "हौसाबाई, आता दोन्ही मालक ऱ्हायले न्हाईत. म्हणत असाल तर दोन अर्धे वेगळे करून देतो. एक तुमच्या घरी, एक भावाकडं. ह्या वयात एवढं वजन घेऊन ने-आण कशाला?"

त्यांनी पटकन ग्रंथावर हात ठेवला.

"न्हाय, चाचा. वेगळं करू नगा. दादालाबी आता त्येचं याड लागलंय, पाव्हणं आलं की आबांचं पान दावतो. आमचं धाकटं दीर म्हंजी आप्पांच्या वरताण, गिरंथ चार दिस नजरंआड झाला की गाडी धाडत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लगीन होऊन निघाले तवा बायाक्का कानात म्हनलीती, हौसा, ह्येला जीवापाड जप. ह्यो गिरंथ न्हवं, तुझा मुराळी हाय."

इतकी वर्षं मी समजत होतो की ते लग्न माझ्या सुईनं वाचवलं. मी दोरा मेणातून पुन्हा एकदा ओढून घेतला आणि विचारलं, "कधी द्यायचा?"

"गौरीच्या आधी द्या," त्या म्हणाल्या. "आनि शिवण दुहेरी घाला. अजून लई येळा जायाचंय."